थंड बॉयलर ते दोनशे मेगावॅट: एका लाइट-अपची रात्र

औष्णिक वीज केंद्रातला आमचा संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून) बंद होऊन पाच दिवस झाले होते. इकॉनॉमायझरची, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी धुराच्या उष्णतेनं तापवणाऱ्या भागाची, नळी फुटली होती. ती कापली, नवा तुकडा वेल्ड केला, एक्स-रे आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) उरकली आणि संध्याकाळी पाचला बॉयलर ऑपरेशनच्या ताब्यात आला. त्यानंतर अर्ध्या तासात ग्रिडचा समतोल सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राचा फोन: युनिट कधी मिळेल? आमचं उत्तर: सकाळी सहाच्या सुमारास सिंक्रोनाइझ (ग्रिडला जोडणं), पूर्ण लोड दुपारी. पलीकडचा माणूस नवा असला की हमखास विचारतो, इतका वेळ का?

आग पेटवायला, म्हणजे लाइट-अपला, दहा मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो लोखंड तापायला. ७२ तासांच्या वर बंद राहिलेला संच ‘कोल्ड’ धरतात, दहा तासांच्या आतला ‘हॉट’, मधला ‘वॉर्म’. कोल्ड संचात टर्बाइनच्या धातूचं तापमान पूर्ण लोडच्या तापमानाच्या चाळीस टक्क्यांखाली उतरलेलं असतं, आणि बॉयलरच्या ड्रमची, म्हणजे पाणी आणि वाफ वेगळी होतात त्या टाकीची, भिंत सव्वाशे मिलिमीटरच्या वर जाडीची असते. ही जाडी आतून झटकन तापवली आणि बाहेरून थंड राहिली तर धातूला ताण बसतो. तो ताण त्या रात्री दिसत नाही, काही वर्षांनी चीर होऊन दिसतो. म्हणून रात्रभराचं सगळं वेळापत्रक या जाड लोखंडाच्या सोयीनं चालतं.

संच २१० मेगावॅटचा, विदर्भातल्या एका केंद्रातला, केडब्ल्यूयू (जर्मनीची क्राफ्टवर्क युनियन) आराखड्याचं टर्बाइन असलेला. चारही कोपऱ्यांतून आग देणारी भट्टी, कोळसा दळणाऱ्या ए ते एफ अशा सहा बाउल मिल, एबी, सीडी आणि ईएफ अशा तीन पातळ्यांवर मिळून तेल फवारणाऱ्या बारा ऑइल गन. पूर्ण लोडला ताशी सातशे टनांच्या आसपास वाफ, टर्बाइनपाशी चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब आणि ५४० अंश. महिना जुलै.

भरणं आणि मोजणं

पहिलं काम परमिटं, म्हणजे कामाच्या परवानग्या, परत घेण्याचं. मेंटेनन्सच्या प्रत्येक गटाचं परमिट रद्द होऊन डेस्कवर येईपर्यंत एकही फॅन चालवायचा नाही. मॅनहोल बंद करण्याआधी आत गेलेली माणसं आणि बाहेर आलेली माणसं यांची नावं जुळवायची, आणि मग दारात तोंड घालून हाकही मारायची. कागद जुळला तरी हाक मारायचीच.

मग बॉयलरमध्ये डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. इकॉनॉमायझरमधून वर ड्रमकडे, सगळे व्हेंट उघडे ठेवून, सावकाश. पाणी आणि ड्रमचा धातू यांच्या तापमानात ५० अंशांपेक्षा जास्त फरक नको. दोन-अडीच तास यातच जातात. लेव्हल नॉर्मलपर्यंत न नेता थोडी खालीच ठेवतो. पेटवल्यावर पाण्यात बुडबुडे धरतात आणि काही न भरताही लेव्हल आपोआप वर चढते. नवखा माणूस आधीच काठोकाठ भरून ठेवतो आणि मग तासभर इमर्जन्सी ब्लोडाउन उघडून महागडं डीएम पाणी गटारात सोडत बसतो.

इकॉनॉमायझरमधलं पाणी फिरतं ठेवणारा रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे फील्डवरच्या माणसाकडून डोळ्यांनी बघून घ्यायचं. सुरुवातीचे काही तास ड्रमला पाणी लागतच नाही, त्यामुळे इकॉनॉमायझरमधलं पाणी जागेवर थांबतं आणि मागून जाणाऱ्या गरम गॅसनं त्याची तिथेच वाफ होऊ लागते. आम्ही जी नळी बदलून आलो होतो ती याच भागातली. व्हॉल्व्ह बंद राहिला असता तर पुन्हा तिथेच.

त्याच वेळी खाली बॉटम ॲश हॉपर आणि ट्रफ सील पाण्यानं भरून घेतले. बॉयलर वरच्या तुळयांना टांगलेला असतो, खाली मोकळा. पूर्ण तापला की दीडशे ते दोनशे मिलिमीटर खाली उतरतो. म्हणून भट्टीचा तळ आणि राखेचा हॉपर यांच्यात घट्ट जोड देता येत नाही, पाण्याचं सील असतं. सील सुकलं की खालून बाहेरची थंड हवा आत घुसते आणि ज्योत डळमळते. वेगवेगळ्या मजल्यांवर एक्स्पान्शन पॉइंटर आहेत. थंड असताना त्यांची रीडिंग घेऊन ठेवली. पुढे एखादा कोपरा खाली यायला तयार नसेल, कुठे पाइप सपोर्टला अडकला असेल, तर ते याच आकड्यांवरून कळतं.

पर्ज

धुराच्या उष्णतेनं हवा तापवणारा एअर प्रीहीटर सुरू, मग भट्टीतून धूर ओढणारा आयडी फॅन, मग आत हवा ढकलणारा एफडी. हाच क्रम, उलट कधीच नाही. भट्टीतला ड्राफ्ट उणे पाच ते दहा मिलिमीटर पाण्याइतका ठेवला आणि हवा पूर्ण प्रवाहाच्या तीस टक्क्यांवर नेली. आता पाच मिनिटांचं पर्ज. भट्टीच्या कुठल्या कोपऱ्यात तेलाची वाफ किंवा कोळशाची भुकटी साचून राहिली असेल तर ती बाहेर काढून टाकायची. ठिणगी त्यानंतर. भट्टीचे स्फोट झाले आहेत ते बहुतेक याच पाच मिनिटांशी खेळ केल्यामुळे.

पर्ज सुरू व्हायला अटींची यादी पूर्ण लागते. सगळे ऑइल व्हॉल्व्ह बंद, मिलला कोळसा घालणारे सगळे फीडर आणि मिल बंद, मिलला हवा देणारे पीए फॅन बंद, मिलची हॉट एअर गेटं बंद, एकाही स्कॅनरला ज्योत दिसत नाही, ड्रम लेव्हल ठीक, कुठलीही ट्रिप (तातडीनं बंद करण्याची) कमांड उभी नाही. पॅनलवर सगळे दिवे लागले, एक सोडून: डी मिलचं हॉट एअर गेट बंद असल्याचा सिग्नल नाही.

इथे मोह होतो. गेट बंदच असणार, मिल पाच दिवस थंड आहे, गेट बंद झाल्याचं कळवणारा लिमिट स्विच खराब असेल, सिग्नल फोर्स करून (हातानं खोटा लावून) टाका. करू नये. गेट दोन इंच उघडं राहिलेलं असू शकतं, आणि एकदा फोर्स केलेला सिग्नल परत काढायचा राहून जातो. माणूस पाठवला. गेट पूर्ण बंद होतं, लिमिट स्विचच्या दांडीवर राखेचा थर घट्ट बसला होता. पुसून दांडी सोडवली, दिवा लागला. वीस मिनिटं गेली. २१:४० ला पर्ज पूर्ण झालं.

पेटवणं

खालच्या एबी पातळीवर आधी १ आणि ३ हे समोरासमोरचे कोपरे, थोड्या वेळानं २ आणि ४. एकाच बाजूचे दोन कोपरे पेटवले तर भट्टीची एक भिंत तापते आणि दुसरी थंड राहते. फर्नेस ऑइल १२० अंशांच्या आसपास तापवलेलं लागतं, नाहीतर ते गनच्या टोकातून फवारा होऊन न पडता थेंब होऊन पडतं. हा फवारा करणारी वाफ, ॲटमायझिंग स्टीम, शेजारच्या चालू युनिटकडून घेतली. शेजारी चालू संच नसेल तर हलक्या डिझेल तेलावर सुरुवात करावी लागते, त्याचा खर्च वेगळा.

ज्योत कशी आहे हे स्कॅनर सांगतो, पण पीपहोलमधून निळ्या काचेतून बघण्याला पर्याय नाही. चांगली ज्योत पांढरट पिवळी, टोकापासून जरा पुढे धरलेली आणि स्थिर. लालसर, काळी शेपटी सोडणारी ज्योत दिसली की तेल थंड आहे, वाफेचा दाब कमी आहे किंवा टिप झिजली आहे. आमची तिसऱ्या कोपऱ्यातली ज्योत तशी होती, शिवाय ठिणग्या. स्कॅनर मात्र ‘फ्लेम आहे’ म्हणत होता. गन बंद केली, वाफेनं साफ केली, बाहेर ओढली. टिपचं एक भोक कार्बननं बुजलं होतं. बदली गन घातली, ज्योत सुधारली.

एका टिपसाठी एवढी धावपळ कशाला, असं वाटेल. न जळलेलं तेल धुराबरोबर मागे जातं आणि एअर प्रीहीटरच्या पत्र्याच्या बास्केटांवर चिकटतं. तिथे थर जमतो, काही तासांनी गॅसचं तापमान वाढलं की तो पेटतो, आणि बास्केटांचं लोखंडच जळू लागतं. म्हणून लाइट-अपच्या रात्री एअर प्रीहीटरची सूट ब्लोइंग (वाफेनं काजळी उडवणं) चालू ठेवतो आणि त्याच्या बाहेर पडणाऱ्या गॅसच्या तापमानावर एकाचा डोळा असतो. ते विनाकारण चढू लागलं की समजायचं.

एक गन पूर्ण उघडली तर ताशी साधारण सव्वा टन तेल खाते. चार गन म्हणजे पाच टन. २१० मेगावॅटच्या कोल्ड स्टार्टला केंद्रीय वीज नियामक आयोगानं ५० किलोलिटर तेल धरलं आहे. हिशोब सोपा आहे: आठ-दहा तासांत कोळशावर आलात तर त्यात बसता.

गेज हलत नाही तेव्हा

२२:०५ ला पहिली गन पेटली. पुढचे दोन तास दाबाच्या गेजवर जवळजवळ काही दिसत नाही, आणि हेच दोन तास ड्रमला सगळ्यात जड जातात. वाफेचा दाब दोन किलो होतो तेव्हा पाण्याचं तापमान १३० च्या वर गेलेलं असतं. म्हणजे साध्या पाण्यापासून शंभर अंश चढून झाले तरी काटा जागेवरच. उलट १०० किलोंपासून १५० किलोंपर्यंत दाब चढतो तेव्हा तापमान वाढतं ते तीसेक अंशच. त्यामुळे दाब बघून आग वाढवणारा माणूस सुरुवातीलाच चुकतो. आम्ही ड्रमच्या वरच्या आणि खालच्या धातूचं तापमान दर पंधरा मिनिटांनी लिहितो. सॅच्युरेशन तापमान (त्या दाबाला पाणी उकळतं ते) ताशी ५० अंशांच्या आसपास वाढू द्यायचं, आणि वरच्या-खालच्या धातूतला फरक ५० अंशांच्या आत ठेवायचा. फरक चाळिसाकडे गेला की दोन गन काढायच्या आणि थांबायचं. त्या रात्री एकदा ४२ दिसला. दहा मिनिटं दोनच गनवर चालवलं.

दुसरी काळजी सुपरहीटरची, म्हणजे ड्रममधून आलेली वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांची. लटकत्या नळ्यांच्या खालच्या वळणात हायड्रो टेस्टचं पाणी साचलेलं असतं. ते पूर्ण उडून वाफ वाहू लागेपर्यंत त्या नळ्यांना आतून थंड करणारं काहीच नसतं. टर्बाइनमधून परतलेली वाफ पुन्हा तापवणाऱ्या रीहीटरला तर बायपास चालू होईपर्यंत वाफच मिळत नाही. म्हणून भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान ५४० अंशांच्या खाली ठेवायचं. त्यासाठी आत सरकवायचा प्रोब असतो. हा प्रोब बऱ्याच ठिकाणी नादुरुस्त पडून असतो आणि लोक अंदाजानं आग ठेवतात. आमचा चालू होता, याचं श्रेय इन्स्ट्रुमेंटच्या मंडळींना.

दोन किलोंवर ड्रमचे व्हेंट बंद केले. सुपरहीटरचे ड्रेन थोडे थोडे आवळत आणले. मग एचपी-एलपी बायपास उघडले: ड्रममधली वाफ टर्बाइनला वगळून रीहीटरमधून फिरून थेट कंडेन्सरमध्ये. आता प्रवाह सुरू झाला आणि आग वाढवायला मोकळीक मिळाली.

याच काळात केमिस्ट तासातासाला नमुने नेतो. बंद पडलेल्या बॉयलरमध्ये सिलिका सुटलेली असते. दाब वाढला की सिलिका वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी बसते, नंतर सहजी निघत नाही. वाफेत अब्जात २० भागांपेक्षा जास्त नको. ड्रममधलं प्रमाण त्या दाबाच्या मर्यादेपेक्षा वर असेल तर दाब तिथेच धरून ब्लोडाउन करत, म्हणजे ड्रममधलं पाणी थोडं थोडं बाहेर सोडत, राहायचं. साठ किलोंच्या पुढे जाऊ नका, असा निरोप पुढे सकाळी आला, तेव्हा लोड वाढवण्याची घाई होती. पाऊण तास धरलं.

शाफ्ट

टर्बाइनची तयारी बॉयलरच्या बरोबरीनं चालू असते. जनरेटरमध्ये हायड्रोजन भरलेला, दाब साडेतीन किलो, शुद्धता ९७ टक्क्यांच्या वर. जनरेटर उघडलेला नव्हता, नाहीतर हवा काढायला आधी कार्बन डायऑक्साइड आणि मग हायड्रोजन, यात आणखी काही तास गेले असते.

केडब्ल्यूयू मशीनमध्ये जॅकिंग ऑइल पंप शाफ्टला बेअरिंगवरून केसभर उचलतो आणि बॅरिंगचं तेल त्याला फिरवत ठेवतं. आधी बॅरिंग (हे सावकाश फिरवणं), मग ग्लँडना, म्हणजे शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथल्या सीलना, सीलिंग स्टीम, मग कंडेन्सरमध्ये व्हॅक्यूम. थांबलेल्या शाफ्टला ग्लँड स्टीम दिली तर तो एका बाजूनं तापतो आणि वाकतो. ग्लँड स्टीम न देता व्हॅक्यूम ओढला तर ग्लँडमधून थंड हवा आत ओढली जाते. क्रम पाठ असतो, तरी चेकलिस्टवर टिक करूनच पुढे जातो, कारण पहाटे तीनला पाठ असलेलंही विसरतं.

०४:३० ला मुख्य वाफेचा दाब ४० किलो, तापमान ३४० अंश. ४० किलोंना पाणी २५० अंशांना उकळतं, म्हणजे ९० अंश सुपरहीट हातात. टर्बाइनला ओली वाफ गेली की पात्यांवर पाण्याचे थेंब गोळीसारखे आदळतात, म्हणून निदान ५० अंश सुपरहीट तरी हवंच.

स्टॉप व्हॉल्व्ह उघडले, कंट्रोल व्हॉल्व्हनं वेग घेतला. मिनिटाला ५४० फेऱ्यांना जॅकिंग ऑइल पंप बंद, कारण आता बेअरिंगमध्ये शाफ्ट स्वतःच तेलाची फिल्म धरतो. ६०० वर थांबलो. हा सोकिंगचा, म्हणजे जाड धातू आतपर्यंत तापू देण्याचा, टप्पा. टर्बाइन स्ट्रेस इव्हॅल्युएटर, म्हणजे टीएसई, जाड भागांच्या पृष्ठभागाचं आणि मधल्या थराचं तापमान बघून अजून किती ताण देता येईल हे मार्जिनच्या आकड्यात दाखवतो. मार्जिन पुरेसं झाल्याशिवाय हलायचं नाही. साधारण पाऊण तास लागला. मशीनच्या बाजूला उभं राहिलं तर या वेळी एक एकसुरी घरघर ऐकू येते. कुठे खर्रर्र असा घासल्याचा आवाज आला तर तो इथेच, कमी वेगावर कळतो. एकजण लोखंडी दांडी ग्लँडच्या केसिंगला टेकवून दुसरं टोक कानाला लावून प्रत्येक बेअरिंगपाशी ऐकून येतो. व्हायब्रेशनची यंत्रणा आहेच, पण दांडी कोणी सोडलेली नाही.

६०० वरून पुढे मात्र न रेंगाळता थेट ३००० पर्यंत. मधे क्रिटिकल वेग लागतात, तिथे कंपन वाढतं. तिथे थांबणं म्हणजे थरथरणाऱ्या माणसाला धरून आणखी हलवणं. आमच्याकडे दोन नंबरच्या बेअरिंगपाशी कंपन चढलं, पुढे गेल्यावर उतरलं. हे नेहमीचं. वेग वाढत असताना कंपन उतरलंच नाही तर ट्रिप करून परत बॅरिंगवर यायचं. तिथे शहाणपण दाखवायचं नाही.

०५:५० ला ३००० फेऱ्या. जनरेटरच्या चुंबकाला वीज देणारा फील्ड ब्रेकर लावला, व्होल्टेज १५.७५ किलोव्होल्ट. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेनं हळू फिरतोय, म्हणजे आपली फ्रीक्वेन्सी ग्रिडपेक्षा केसभर जास्त. काटा बाराला येण्याच्या जरा आधी ग्रिडशी जोडणारा ब्रेकर. ०६:०८. ब्रेकर लागताच लोड उचलायचं, निदान दहा-पंधरा मेगावॅट. तसं केलं नाही तर ग्रिडच जनरेटरला मोटरसारखं फिरवू लागतं आणि लो फॉरवर्ड पॉवर रिले संच ट्रिप करून सगळ्या रात्रीवर पाणी ओततो.

कोळसा

खरी कटकट इथून पुढे. तेल आज्ञाधारक असतं, कोळसा नसतो.

पूर्ण लोडला हा संच ताशी दीडशे टनांच्या आसपास कोळसा खातो. दिवसाला ३६०० टन, म्हणजे ५८-५९ वाघिणींची जवळजवळ एक रेक. वैदर्भीय खाणींच्या कोळशात राख ३५ ते ४० टक्के. बाउल मिल तो इतका बारीक दळते की ७० टक्के भुकटी २०० मेशच्या चाळणीतून जावी. गरम हवा ती वाळवते आणि उचलून भट्टीत नेते. मिलमधून बाहेर पडताना तापमान ७५ अंशांच्या आसपास हवं. ६० च्या खाली गेलं तर पाइपमध्ये ओली भुकटी बसते, ९० च्या वर गेलं तर मिलच पेटू शकते.

ए मिल आधी गरम केली. एबी पातळीवरच्या चारही गन चालू आहेत, म्हणजे शेजारी पेटवणारी ऊर्जा तयार आहे, अशी खात्री इंटरलॉक घेतोच. फीडर सुरू. आणि ‘नो कोल फ्लो’.

जुलैमधला हा नेहमीचा खेळ. यार्डातला कोळसा भिजलेला, त्यात माती. पाच दिवस बंकरमध्ये, म्हणजे मिलच्या वरच्या कोठीत, बसून त्याचा लगदा झालेला. बंकरच्या खालच्या निमुळत्या भागात तो कमानीसारखा अडकतो: वर शेकडो टन कोळसा आणि खाली फीडरचा पट्टा रिकामा. मग दोन माणसं घण घेऊन चूटवर. कुठे ठोकायचं हे आवाजावरून कळतं. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी खणखणीत. बद्द आणि खणखणीत जिथे भेटतात तिथे कमान असते. चूटवरच्या पोच्यांची नक्षी बघितली तर गेल्या दहा पावसाळ्यांत कोळसा कुठे कुठे अडकला याचा नकाशाच मिळतो.

वीस मिनिटांनी कमान तुटली, आणि तुटली ती एकदम. धोका खरा तर याचाच. ढिगाराभर ओला कोळसा मिलमध्ये पडला: मोटरचा करंट चढला, बाउलखालचा आणि वरचा दाबातला फरक वाढला, आउटलेट तापमान ७६ वरून ५४. मिल चोक व्हायला लागली की लक्षणं याच त्रिकुटात येतात. अशा वेळी हात आपोआप हवा वाढवण्याकडे जातो. जोरात वाढवली तर मिलमध्ये साचलेला दोन-तीन टन कोळसा एका दमात भट्टीत जातो. भट्टीचा दाब उसळतो, वाफ वाढते, ड्रम लेव्हल आधी उडते मग कोसळते, आणि लेव्हलवर किंवा भट्टीच्या दाबावर संच ट्रिप होतो. आम्ही फीडर किमान वेगावर आणला, गरम हवा थोडी थोडी वाढवली, रिजेक्टचं गेट मोकळं करायला माणूस पाठवला. दळताना न फुटलेले दगड खाली रिजेक्ट हॉपरमध्ये पडतात. तो भरलेला असेल तर दगड आतच फिरत राहतात आणि मिल रिकामी व्हायचं नाव घेत नाही. त्यातून दोन घमेली दगड आणि एक लोखंडी पट्टी निघाली, वाघिणीच्या दाराची असावी. चुंबकानं ती वरच धरायला हवी होती. पंधरा मिनिटांत तापमान ६८ वर आलं, करंट उतरला.

दुसरी मिल, बी. तिचा कोळसा कोरडा निघाला, कारण तो बंकर संच बंद होण्याच्या आदल्या दिवशी आच्छादित शेडमधून भरला होता. योगायोग म्हणता येणार नाही. पावसाळ्यात निदान खालच्या दोन मिलचे बंकर कोरड्या कोळशानं भरून ठेवावेत, हे सगळे म्हणतात. पाच टक्के लोकच करतात.

साठ मेगावॅटला संचाचा स्वतःचा वीजपुरवठा स्टेशन ट्रान्सफॉर्मरवरून युनिट ट्रान्सफॉर्मरवर घेतला. शंभराच्या पुढे दुसरा बॉयलर फीड पंप. फीड पाणी वाफेनं तापवणारे एचपी हीटर एकेक करून घेतले, तसं फीड पाण्याचं तापमान चढत गेलं. इथे फार सांगण्यासारखं नाही. ड्रम लेव्हलवर मात्र प्रत्येक बदलाला लक्ष, कारण दुसरा पंप लागताना क्षणभर पाणी जास्त जातं.

तेल कधी काढायचं? तीन मिल लागोपाठच्या पातळ्यांवर स्थिर चालत असतील आणि लोड ११५ च्या आसपास असेल तर. ५५ टक्के हा आज संचाचा तांत्रिक किमान भार धरतात. त्याखाली कोळशाची ज्योत एकटी टिकेल याची खात्री देता येत नाही, ओल्या कोळशाची तर मुळीच नाही. हल्ली सूर्य वर आला की सौर वीज वाढते आणि आम्हाला याच ५५ टक्क्यांवर आणून ठेवतात. म्हणजे रात्रभर खपून वर आणलेला संच अकराला पुन्हा खाली. बॉयलरला हे वर-खाली अजिबात मानवत नाही, नळ्या फुटण्याचं ते एक कारण आहेच.

ईएसपीचे, म्हणजे धुरातली राख विजेच्या भारानं पकडणाऱ्या यंत्रणेचे, फील्ड तेल बंद होत आल्यावरच पूर्ण चार्ज केले. तेलाची काजळी इलेक्ट्रोडवर चिकट थर धरते आणि हातोड्या मारूनही सुटत नाही. त्यामुळे लाइट-अपच्या दिवशी सकाळी चिमणीतून काळा धूर दिसतो, गावातून फोन येतात, आणि ते फोन चुकीचे नसतात. गन लवकर काढता आल्या तर धूर लवकर थांबतो, हाच त्याच्यावरचा उपाय आहे.

राखेचं चक्र तोवर फिरू लागलेलं असतं. ताशी दीडशे टन कोळसा म्हणजे पन्नास-साठ टन राख. त्यातली ऐंशी टक्के ईएसपीच्या हॉपरांत, उरलेली खाली बॉटम ॲशमध्ये. लाइट-अपनंतरच्या पहिल्या डीॲशिंगला, म्हणजे राख काढताना, हॉपरच्या खिडकीतून बघून घ्यावं. वेल्डिंगचे तुकडे, विसरलेला स्कॅफोल्डिंगचा क्लॅम्प, रिफ्रॅक्टरीची ढेकळं, सगळं त्यात येतं आणि राखेची ढेकळं फोडणारा क्लिंकर ग्राइंडर अडतो. आमच्या हॉपरमधून अर्धा पाना निघाला.

११:५० ला २०५ मेगावॅट, चार मिल आणि पाचवी गरम होत होती. तेलाच्या मीटरचा फरक काढला तर ५० किलोलिटरच्या चार पुढे. ए मिलच्या त्या अडकण्यात गेले बहुतेक. शेवटची गन बंद करताना वाफेनं स्कॅव्हेंज करून मागे ओढली. आतलं तेल तसंच राहिलं तर भट्टीच्या झळीनं टिपमध्ये कोक होतो, आणि पुढच्या लाइट-अपला कुठल्या तरी कोपऱ्यात काळी शेपटी दिसते. एक्स्पान्शन पॉइंटरची गरम रीडिंग घेतली. पुढच्या डाव्या कोपऱ्यातला खालचा पॉइंटर बाकीच्यांपेक्षा १५ मिलिमीटर कमी उतरला होता. तेवढं लाल शाईनं लॉगबुकात लिहिलं आणि पाळी दिली.